तळमजल्याची बाई

ठिपकीचे कान चांगले निघाले आणि तिथूनच सगळं बिनसलं. तपासणाऱ्या बाईंनी तिच्या कपाळावर नि कानांमागे चिकटवलेल्या तारा हलक्या हाताने सोडवल्या, चिकटपणा कापसाने पुसून काढला आणि म्हणाल्या, "ठणठणीत आहेत हो कान. भिंतीपलीकडे कुणी कुजबुजलं तरी कळेल हिला." एवढं ऐकल्यावर दुसरी एखादी आई जागच्या जागी रडली असती आनंदाने. ठिपकीची आई मात्र घाबरली. कारण इतके दिवस तिने मनाशी एक आधार धरून ठेवला होता, की पोरीला ऐकूच येत नसेल. सातव्या महिन्यात घाईघाईने बाहेर काढलेली, कितीतरी दिवस काचेच्या पेटीत नळ्या लावून ठेवलेली पोर. अशा मुलांचे कान जातात कधीकधी, असं डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं. कान गेले असते तर ते दुःख मोठं होतं, पण सरळ होतं. "मग माझ्या हाकेला मान का फिरवत नाही?" तिने विचारलं. "फिरवेल हो. ही घाईची पोरं पुढचं सगळं सावकाश करतात," असं म्हणून बाई पुढच्या मुलाकडे गेल्या. नवरा गाडी काढायला आधीच खाली पळाला होता, खूश होऊन. येताना दोघं जिन्याने चढली होती, पण आता एकटीने पोर घेऊन तेवढे जिने उतरणं तिच्या जिवावर आलं. ठिपकीला खांद्यावर टाकून ती लिफ्टमध्ये शिरली.

आत एक आजोबा होते, काखेत एक्स-रेचं पाकीट धरून. "दरवाजा बंद होत आहे," लिफ्ट म्हणाली. खांद्यावर नेहमीसारखी सैल पडलेली ठिपकी एकदम ताठ झाली. अशा पोरांच्या आयांना श्वासावर लक्ष ठेवायची सवय लागलेली असते. तिचा हात आपोआप पोरीच्या पाठीवर गेला. लिफ्ट उतरत गेली, गचका देऊन थांबली. "तळमजला. दरवाजा उघडत आहे." ठिपकीने मान उचलली, वळवली, बटणांच्या वर बारीक भोकांची जाळी होती तिकडे डोळे नेले आणि ती हसली. झोपेत ओठ हलतात तसलं नव्हे. चांगलं तोंड भरून, हिरड्या दाखवत, ओळख पटल्यावर माणूस हसतं तसं. जन्मल्यापासून तिने कुणाकडे बघून असं केलं नव्हतं. "ओळखीचं कुणी भेटलं वाटतं बाईसाहेबांना!" आजोबा म्हणाले आणि आपल्या वाटेने गेले. ती आतच उभी राहिली. जाळीतून आलेला आवाज तिचा स्वतःचा होता.

आवाज हे तिचं काम होतं. लिफ्ट, बँकेचे फोन, मोठ्या दुकानांतले सरकते जिने. जिथे जिथे माणसाऐवजी आवाज ठेवतात तिथे तिथे तिला बसवलेलं होतं. शेजारचे काका चेष्टा करायचे, "वहिनी, काल बँकेत तुम्ही मला किती ताटकळत ठेवलंत! आणि वर म्हणता, तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे!" ती हसायची. स्टुडिओतल्या रेकॉर्डिस्टला सगळे कानसेन म्हणायचे. त्याला गाता अजिबात येत नसे, पण बोलणाऱ्याचे ओठ कोरडे पडलेले त्याला काचेपलीकडून ऐकू यायचे. "पाणी पी," तो म्हणायचा, आणि खरंच तिला तहान लागलेली असायची. एकदा बोलून झालं की आवाज आपला राहत नाही, हे तिला या धंद्यात शिरतानाच समजलं होतं. परक्या इमारतीत आपला आवाज अचानक भेटला की ती ओळख न दाखवता पुढे जायची. त्यात गंमत होती. भीती नव्हती तेव्हा.

ठिपकी पोटात असताना पाय सुजले. चपलेचे पट्टे रुतायला लागले, अंगठी साबण लावूनही निघेना. आई म्हणाली, "सूज यायचीच गं, तुझ्या वेळी मी भोपळा झाले होते." डोकं ठणकायचं, हेडफोन घट्ट बसतात म्हणून असेल. डोळ्यांपुढे चमचम व्हायची. बूथमधला दिवा खराब असेल. उजव्या बरगडीखाली दुखायचं. पोर लाथा मारत असेल. प्रत्येक गोष्टीला एकेक समजूतदार कारण हजर होतं आणि घरातली सगळी शहाणी माणसं त्या कारणांवर माना डोलवत होती. नंतर डॉक्टरीणबाईंनी कागदावर आकृती काढून दाखवली. वार नीट रुजली नव्हती, पोरीला रक्त पुरत नव्हतं, अंगातला दाब चढत चढत गेला आणि शेवटी मेंदूने हात टेकले. गरोदरपणातला झटका म्हणतात याला. वेळेवर ऑपरेशन झालं म्हणून दोघी वाचल्या. "यात तुमची काही चूक नाही," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी आजवर किती बायकांना म्हटलं असेल, ते तिला नुसत्या सुरावरून कळलं.

तो दिवस तिच्याजवळ नाही. सकाळी दूध उतू गेलं आणि तिने ओटा पुसला, इथपर्यंत आहे. त्यानंतर एकदम पांढरं छत, नवऱ्याची वाढलेली दाढी आणि तोंडात स्वतःची जीभ नसून कुणीतरी ठेवलेला मांसाचा गोळा. मधलं सगळं ऐकीव. लिफ्टचं काम चालू होतं म्हणे. मजले झाले, दरवाजे झाले, सगळ्यात शेवटी तळमजला घेतला. तो घेऊन ती थांबली आणि मग खुर्चीवरून कोसळली. अंग आवळलं, दातांखाली जीभ आली. कानसेन एवढंच सांगायचा आणि पुढे विषय बदलायचा. पुढचं एका नर्सने सांगितलं, तेही हसत हसत, पेटीजवळ दूध पोचवायला आली तेव्हा. "शुद्धीत होतात की तुम्ही! तोंडात रक्त नि टाके, आणि बोलताय काय तर, दरवाजा उघडत आहे, दरवाजा उघडत आहे! इकडे आम्ही पोर बाहेर काढतोय नि तुमची अनाउन्समेंट चालू. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हसू आवरेना." नवरा हसला. तीही हसली, टाके ओढले गेले तरी. घरी आल्यावर एकदा भाजी निवडताना तिच्या मनात आलं, की ते बोललं कोण? मी तर नव्हते तिथे. जीभ फाटलेली असताना इतकं स्वच्छ कोण बोललं? आणि ठिपकीने या जगात कानांनी घेतलेली पहिली गोष्ट ती होती. त्यानंतर पोरीला पेटीत ठेवलं, तिच्याभोवती नुसती यंत्रांची टिकटिक. आईचा आवाज तिला मिळाला तो बऱ्याच दिवसांनी, आणि तो वेगळा होता.

वेगळा म्हणजे, तिचा ळ गेला होता. बाकी सगळी अक्षरं परत आली, एकेक करून, घर सोडून गेलेली माणसं लाजत परत यावीत तशी. ळ आला नाही. जीभ वर वळवायला गेलं की ती मधेच अडायची आणि ल होऊन सुटायची. "जीभ छान भरून आलीय, कारण काही दिसत नाही मला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जरा सराव करा." तिने सराव केला. दारं लावून, आरशासमोर, आ वासून. मग तिने दुसरा रस्ता धरला, ळ असलेले शब्दच टाकून द्यायचे. सगळं म्हणायच्या ऐवजी सर्व. वेळ झाला नाही, उशीर झाला. डोळे दुखतात नाही, नजर दुखते. "अगं, काय हे पुस्तकासारखं बोलतेस!" नवरा म्हणायचा. "परवा मला म्हणालीस, स्नानाचं पाणी काढ. मला वाटलं कुणी पाहुणे आलेत." तो हसवायला बघायचा आणि तिला हसूही यायचं. पण एक शब्द असा होता की त्याला दुसरा रस्ताच नव्हता. पोरीला मांडीवर घेऊन आई म्हणायची, "आलं गं माझं बाळ, आलं गं!" आणि ही शेजारी बसून ठिपके, ठिपके करायची. चुकून एकदा तोंडातून बाल असं आलं, तर परक्या कुणाच्या मुलाला हाक मारल्यासारखं वाटलं. त्यानंतर तिने तो शब्द गिळूनच टाकला.

आणि आता कान चांगले निघाले होते. म्हणजे ठिपकी ऐकत होती. पहिल्यापासून सगळं ऐकत होती, खुळखुळा, बापाच्या टाळ्या, हिच्या हाका, आणि नको म्हणत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी, आई आडवी झाल्यावर, ती ठिपकीला घेऊन हॉस्पिटलच्या त्याच नव्या इमारतीत गेली. स्वतःला म्हणाली, एकदा खात्री करून घेते. दरवाजा बंद होत आहे, पोर ताठ. तळमजला, पोर हसली. पुन्हा वर, पुन्हा खाली. तिसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा खात्री करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग दुपार झाली की पाय आपोआप तिकडे वळायला लागले. माहितीच्या खिडकीत बसणारी बाई मोठी बोलघेवडी. "रोज कुणाला भेटायला येता हो ताई?" तिने विचारलं. "नातेवाईक आहेत." "कुठल्या मजल्यावर?" तिची जीभ वर गेली, अडली, खाली पडली. "खालच्या," ती म्हणाली. "खाली तर कुणीच पेशंट नसतात हो," खिडकीतली बाई म्हणाली आणि तिच्याकडे जरा निरखून बघायला लागली.

लिफ्टच्या भिंती स्टीलच्या. त्यात माणूस दिसतं, पण पातळ, चेहरा पुसलेलं. एक बाई, खांद्यावर पोर. ती त्या बाईकडे बघत आवाज ऐकायची, आणि धंद्यातली असल्याने ऐकता ऐकता एकेक पापुद्रा सुटत जायचा. वरचे मजले ताजे होते. आठवा, सातवा, कुणी तरी नीट झोपून आलेलं. खाली येईल तसा आवाज जडावत होता. पहिला मजला म्हणताना श्वास अपुरा पडला होता. आणि तळमजला म्हणताना, त्या ळपाशी, जीभ एक किंचित जास्त रेंगाळली होती, जणू बोलणारीला तिथून निघायचंच नव्हतं. दुसऱ्या कुणालाच हे कळलं नसतं. हिला कळत होतं, की ही बाई आत्ता उजेडाचे ठिपके बघते आहे. हिच्या पोटात पोर आहे आणि पोरीला रक्त कमी पडतं आहे. अजून काही क्षण, मग हिला झटका येणार आहे, आणि तरी ही किती छान, किती मायेने सांगते आहे लोकांना, कुठे उतरायचं ते. नेमकी त्याच ळपाशी ठिपकी खिदळायची. त्यांचं दोघींचं काहीतरी होतं तिथे. ज्या दिवशी ही नव्हती, त्या दिवसाचं.

सुरुवातीला तिला त्या बाईची दया यायची. मग मत्सर वाटायला लागला, साधा, बाजारातल्या भांडणासारखा. रात्रंदिवस दूध पाजते मी, लंगोट बदलते मी, रक्तदाबाच्या गोळ्या मी खाते, टाके माझ्या पोटावर. आणि ही बया नुसती मजले मोजते आणि पोर हिची! एकदा लिफ्टमध्ये एकटीच असताना ती जाळीला चक्क म्हणाली, "पुरे आता." लिफ्ट म्हणाली, "दरवाजा बंद होत आहे." तिला हसायला आलं आणि हसताना कानशिलं थंडगार पडली. त्याच फेरीत, खाली पोचल्यावर, ठिपकीने दोन्ही हात पुढे केले. पोरं कुणाकडे तरी जायचं असलं की करतात तसे, बोटं पसरून, सगळं अंग पुढे झोकून देत. जाळीकडे. हिच्या कडेवरून निसटून तिकडे. तिने पोरीला इतकं घट्ट आवळलं की ती रडायला लागली, तिच्या त्या मांजराच्या पिल्लासारख्या बारीक आवाजात.

नवऱ्याला कळलं ते असंच, गोळ्या आणायला गेला तेव्हा खिडकीतल्या बोलघेवड्या बाईकडून. "कोण गं नातेवाईक आपले त्या हॉस्पिटलात?" त्याने जेवताना विचारलं. तिने खोटं बोलायचा कंटाळा केला आणि जे होतं ते सांगून टाकलं. तो चष्मे बनवणारा माणूस. कुणाला काही दिसत नसलं तर भिंग बदलून बघावं, असा त्याचा स्वभाव. घास तसाच हातात धरून त्याने सगळं ऐकून घेतलं. "अगं, पण मग चांगलंच आहे की! आवाज तुझा. म्हणजे पोर तुलाच ओळखते."

"मी नाही ती."

"मग कोण?"

"तो दिवस माझ्याकडे नाही. तिच्याकडे आहे. हिला जन्म तिनं दिला. मी मागाहून आले."

त्याने घास ताटात ठेवला. "त्या दिवशी मी बाहेर बाकावर होतो," तो म्हणाला. "आत काय चाललंय कुणी सांगेना. माझं एकच मागणं होतं, दोघी दे. बाकी काही नको, दोघी दे. मिळाल्या. आता ही तिसरी कुठून काढलीस तू?" म्हणता म्हणता तो हसला आणि मग त्याचे डोळे भरून आले. तिने त्याचा खरकटा हात हातात घेतला. तिचा त्याच्यावर जीव होता, आणि म्हणूनच तिने पुढचं मनातच ठेवलं. दोघी मिळाल्या खऱ्या. पण त्या दोघी म्हणजे ती लिफ्टमधली आणि ठिपकी. तिसरी मीच आहे.

आठवड्याभरात कानसेनचा फोन आला. त्या हॉस्पिटलने इमारतीखाली गाड्या लावायला जागा काढली होती, लिफ्ट आता आणखी खाली जाणार होती. "एकच शब्द हवाय. तळघर. आवाज तोच पाहिजे म्हणतायत." शब्दात काय आहे ते दोघांनाही ऐकू आलं. "ये तर खरी," तो म्हणाला. "बघू काय ते." ठिपकीला आईकडे ठेवून ती गेली. बूथमध्ये तोच जुन्या गालिच्याचा वास, तीच खुर्ची. भीती वाटेल असं तिला वाटलं होतं. पण खुर्चीला तिची आठवण असावी असं काही दिसेना. तिने तोंड उघडलं. तलघर. तलघर. जीभ दुमडून, सावकाश, रागाने. तलघर. काचेपलीकडे कानसेन मान खाली घालून बसला होता. शेवटी त्याने बटण दाबलं आणि म्हणाला, "राहू दे. आपण असं करू. तळमजल्यातला तळ माझ्याकडे आहे. तू नुसतं घर म्हण."

"घर," ती म्हणाली.

त्याने ते कापलं, जोडलं, ऐकवलं. तळघर. पुन्हा ऐकवलं. तळघर. "शिवण कुठे दिसत नाही बघ," कानसेन म्हणाला. त्याला मनापासून आनंद झाला होता. "माझ्यासुद्धा कानाला लागत नाही." तिने हेडफोन काढला नाही. शब्द एका बाईने उचलला होता आणि दुसरीने खाली ठेवला होता. मधे पापणी लवण्याइतकीही जागा नव्हती, आणि तेवढ्यात तिचा तो सगळा दिवस मावत होता. झटका, रक्त, ऑपरेशनचा दिवा, काचेची पेटी. कुणाला पत्ता लागणार नव्हता. लोक गाडीची किल्ली शोधत त्यावरून चालत जाणार होते. "त्या दिवशी," तिने विचारलं, "तो शब्द झाल्यावर मी थांबले म्हणतोस. तुझ्याकडे बघत होते का?"

कानसेनने नेहमीप्रमाणे विषय बदलायला तोंड उघडलं आणि मग त्याला ते जमलं नाही. "माझ्याकडे नाही," तो म्हणाला. "माझ्या मागे. दाराकडे. कुणी आलं असेल म्हणून मीपण वळून पाहिलं. कुणी नव्हतं. मी परत तुझ्याकडे बघितलं तर तू हसत होतीस. ओळखीचं माणूस दिसल्यावर हसतात ना, तशी. आणि मग पडलीस."

बूथमध्ये हवा बंद असते, तरी तिला मानेवर गार लागलं. ते हसू तिने पाहिलेलं होतं. हिरड्या दाखवणारं, खालच्या मजल्यावर. "काढून टाक," ती म्हणाली.

"काय?"

"सर्व. दुसऱ्या कुणाकडून करून घे. माझं एकही अक्षर त्यात ठेवू नकोस."

"वेडी आहेस का? इतकं छान झालंय… आणि त्या दिवसाचं तुझं एवढंच तर उरलंय."

"म्हणूनच."

त्याने तिच्याकडे पाहिलं. वाद घालण्यात अर्थ नाही, हे त्यालाही आवाजावरून समजत असे. पडद्यावर तिच्या आवाजाची नक्षी पसरलेली होती. "हॉस्पिटलमधून काढू, ते ठीक," तो म्हणाला. "पण माझ्याकडचं मूळ? मूळसुद्धा पुसू?"

"मूलसुद्धा," ती म्हणाली.

शब्द काचेवर आपटून दोघांच्या मधे पडला. कानसेनचा हात हवेत थांबला. तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता घरी फोन करावा, ठिपकी श्वास घेते आहे ना ते विचारावं. "म्हणजे... पहिलं रेकॉर्डिंग," ती म्हणाली. "मला ते म्हणायचं होतं."

"कळलं मला," कानसेन म्हणाला. बटण दाबताना त्याने भलतीकडेच बघितलं. नक्षी गेली. आवाज काही झाला नाही. ती जिना उतरून रस्त्यावर आली आणि आधी घरी फोन लावला. "झोपलीय गं," आई म्हणाली. "काय झालं? धावत आलीस का कुठून?"

नवा आवाज बसवायला थोडे दिवस लागले. ते दिवस ती तिकडे फिरकली नाही. घरात ठिपकी तिच्याकडे बघायची, दूध प्यायची, हाकेला वळायची नाही. नवरा म्हणाला, आता सोड तो विषय, आणि तिने सोडल्यासारखं दाखवलं. मग एका दुपारी डॉक्टरीणबाईंकडे, त्याच इमारतीत, पोरीचं वजन करायला बोलावलं होतं. वजन चांगलं भरलं. "आता बाळसं धरेल बघा," त्या म्हणाल्या. खाली जायला जिना होता. ती जिन्यापर्यंत गेलीसुद्धा. आणि मग वळून लिफ्टपाशी आली, कारण आपण काय केलं ते बघितल्याशिवाय तिला राहवेना.

"दरवाजा बंद होत आहे," एक मुलगी म्हणाली. तरुण, चुणचुणीत, दात स्वच्छ घासून आलेली. खांद्यावर ठिपकी ताठ झाली. नेहमीसारखीच, आवाजाकडे तिचं लक्षच नव्हतं, ती पुढची वाट बघत होती. लिफ्ट उतरायला लागली. ठिपकीने मान उचलून जाळीकडे तोंड केलं, ओठ आधीच विलगायला लागलेले. "तळमजला," मुलगी म्हणाली. ळ अगदी चोख. ठिपकीचं हसू अर्ध्यावर थांबलं. तिने जाळीकडे बघितलं, छताकडे बघितलं, स्टीलच्या भिंतीतल्या पुसट बाईकडे बघितलं, परत जाळीकडे. हात पुढे केले. थोडा वेळ तसेच धरले. दार उघडलं, बाहेर थांबलेली माणसं आत यायला लागली. ठिपकीचे हात खाली आले. खालचा ओठ बाहेर वळला, आणि ती रडली. ते मांजराच्या पिल्लाचं रडणं नव्हतं. एवढ्याशा छातीत इतका आवाज कुठून आला कुणास ठाऊक. घरातलं माणूस गेल्याचं कळल्यावर बायका फोडतात तसा हंबरडा होता तो. माणसं बाजूला झाली. खिडकीतली बाई उठून धावत आली, "काय झालं हो? लागलं का तिला कुठे?" ठिपकीची आई कशीबशी बाहेर येऊन भिंतीलगतच्या बाकावर बसली आणि तिलाही आवरेना. जाळीतली ती बाई किती मायेने बोलायची लोकांशी. काय बिघडवलं होतं तिने कुणाचं? तिच्यासाठी रडणाऱ्या जगात दोघीच होत्या, आणि त्यातल्या एकीने तिला पुसून टाकलं होतं.

"रड, बाल," ती म्हणाली. शब्द वळवून घ्यायला, दुसरा शोधायला तिच्यात ताकद नव्हती. "रड, माझ्या बाला. रड."

हुंदका मधेच अडकवून ठिपकीने तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत नाही, तोंडाकडे. कपाळाला आठी घालून ती ओठांकडे बघत राहिली. मग तिने हात वर केला, ओली बोटं हिच्या ओठांवर टेकवली आणि आत ढकलली. दातांवरून, आणखी आत, जिभेवर. जिथे मांस जुळून आलं होतं आणि एक जाड रेघ राहिली होती, तिथपर्यंत. ती रेघ तिने चाचपली. पुन्हा चाचपली. तोंडभर खारट चव झाली, तरी ही हलली नाही. ती बाई आत कुठे लपली आहे ते पोर शोधत होती, आणि तिने तोंड मिटलं नाही.